रुनाचं दुपारचं दूध

३ मार्च, सोमवार. वारा नैऋत्येचा, हलका. आभाळ स्वच्छ.

लेकीच्या बेटावर पोचलो. बोटीवर माझ्याशिवाय फक्त टपालाची गाडी आणि मेंढ्यांच्या खाद्याची पोती. सिग्नी पोरीला कडेवर घेऊन धक्क्यावर उभी होती. मला पाहताच म्हणाली, बाबा, नवे दात बसवलेस की काय, किती हसतोयस! हसणारच. हिची आई गेल्यापासून मी घरी भिंतीवरच्या घड्याळाशी बोलत होतो. आता कुणाला तरी माझं काम पडलं आहे.

काम म्हणजे रुनाचं अंगावरचं दूध तोडायचं. पोर वर्षाची झाली. सिग्नीची रजा संपत आली आणि आमचा जावई वेगार ईस्टरपर्यंत जहाजावर. आरोग्यकेंद्रातल्या बाईंनी सांगितलं आहे, एकदम तोडू नका, एकेक वेळ कमी करा. पहिली दुपारची. त्या वेळी आईने पोरीच्या नजरेलाही पडायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी भरवायचं, निजवायचं. तो दुसरा कुणीतरी मी.

घर छान आहे. दोघांनी मागच्या वर्षीच घेतलं. बाबागाडी ठेवायला मी होडीच्या खोपीकडची बाजू निवडली, तिथे वारा लागत नाही. पोरं दुपारी बाहेरच्या हवेत झोपली की छाती मजबूत होते, आमची सगळी तशीच वाढली.

मी सात इयत्ता शिकलो आणि बोटीवर गेलो. रोजची हवा लिहायची सवय तिथली.

६ मार्च. वारा पश्चिमेचा, जोराचा. गारा.

पोर सोपी नाही. लापशी माझ्या कानात, भिंतीवर, थोडीशी पोटात. माझ्या सदऱ्याची बटणं ओढते, आत शोधते, काही सापडलं नाही की माझ्याकडे अशी बघते की मलाच लाज वाटते. मग रडते. वर खोलीत सिग्नी रडते. मी जिन्याखाली उभा राहतो आणि चूल बंद केली का ते पुन्हा बघून येतो.

संध्याकाळी सिग्नी बोलली. सुरुवातीचे दोन महिने टॉवेल दातात धरून पाजलं म्हणाली. चिरा पडल्या, रक्त आलं, पोरीचं वजन वाढेना, आणि वेगार समुद्रावर. आता कुठे जमलं होतं, तर सोडवायचं. एवढं सांगून म्हणाली, तू ऐकून घेतोस, बाबा, हे बरं करतोस. मला फार बरं वाटलं.

दुपारचं दूध तटतं म्हणून ती हाताने थोडंसं पिळते. जास्त पिळलं तर शरीराला वाटतं मागणी आहे. कप माझ्या हातात दिला, मोरीत ओत म्हणाली. मला ओतवेना. खरकट्या भांड्यांच्या पाण्यात आईचं दूध? बाहेर नेलं, खोपीच्या भिंतीपाशी बर्फ वितळून गवत दिसत होतं तिथे हळूच ओतलं. मनाला बरं वाटलं. आता रोज तसंच करणार.

१० मार्च. वारा दक्षिणेचा, मंद.

चांगली बातमी. रुना दुपारी रडत नाही. गाडीत आईचा न धुतलेला सदरा ठेवला आहे, त्याला नाक लावते आणि झोपते. उठते ती हसतच.

पण आज तिला उचललं तर ओठांच्या कोपऱ्याला दूध. मी सिग्नीला बोललो, ठरलं ते पाळायचं नसेल तर मला कशाला बोलावलंस? ती चिडली. म्हणाली, मी वर कानात बोळे घालून बसले होते, तूच गुपचूप बाटली देतोस. मी म्हटलं, मी? माझ्या अंगाला बटणांशिवाय काही नाही. मग दोघंही हसलो.

दूध पातळ होतं, निळसर. मी रुमालाने पुसलं. गार लागलं.

१३ मार्च. वारा नाही. अजिबात नाही.

हे मुद्दाम लिहितो. झेंड्याच्या काठीवरची दोरी सरळ खाली लोंबत होती, पाणी तेलासारखं. आणि बाबागाडी हलत होती. पोरीने पाय मारले तर गाडी धसमुसळी हलते. ही सावकाश हलत होती, कुणी पायाने झुलवावी तशी. मी बाहेर गेलो तेव्हा थांबली. रुना जागी होती आणि ओठ चोखत होती. बोट घालून बघितलं, जीभ थंडगार. नुकत्या काढलेल्या माशाच्या तोंडात बोट घातल्यासारखी.

आरोग्यकेंद्रात आज वजन केलं. बाई खूश. म्हणाल्या, आजोबांचा हात लागला आणि पोरीने बाळसं धरलं. सिग्नी मान हलवत होती. घरी येताना बोटीत तिने पोरीचे गाल चाचपले. मग म्हणाली, तुझ्याकडून काय खाते ती? तीन घास लापशी. तीन घासांवर एवढे गाल?

१५ मार्च. वारा वायव्येचा.

गुडवेग येऊन गेली. शेजारच्या मेंढरवाडीची मालकीण, माझ्याहून म्हातारी, जीभ कात्रीसारखी. वाफल्स आणले होते. म्हणाली, तुझ्या हातची लापशी चाखली, पोर घर सोडून कशी गेली नाही अजून! मी बोलता बोलता कपाचं सांगितलं. ती खायची थांबली.

विचारलं, कुठे ओततोस? दाखवलं.

म्हणाली, अरे बाबा, आमच्याकडे ते चुलीच्या विस्तवात टाकत. मोरीत टाकलं असतंस तरी चाललं असतं. मातीत नाही. जमिनीखाली राहणाऱ्या लोकांच्या बायकांना मूल टिकत नाही, आणि दूध येत नाही म्हणून त्या गप्प पडून असतात. वरच्या आईचं दूध मुरून खाली गेलं की त्यांना पान्हा फुटतो. मग पाजायला कुणीतरी लागतं.

मी हसलो. ती हसली नाही. गाडीत लोखंड ठेव, त्याला त्या बिचकतात म्हणाली, आणि उरलेले वाफल्स तसेच टाकून निघून गेली.

आजपासून कप मोरीत.

१७ मार्च.

कात्री ठेवली होती. गादीखाली, फडक्यात गुंडाळून, टोक बंद करून, पोरीला लागणार नाही अशी. सिग्नीला सापडली.

फार बोलली. वर्षाच्या पोरीच्या अंगाखाली कात्री? उद्या करवत ठेवशील. कुणी सांगितलं, त्या गुडवेगने? तिने तुला मातीखालची माणसं सांगितली आणि तू मान डोलावलीस? मग आवाज खाली आणून म्हणाली, बाबा, घरी एकटा असताना असलं काही ऐकू येतं का तुला? दिसतं का?

मी नाही म्हटलं. कात्री तिने कपाटावर ठेवली. मी आणखी काही बोललो तर ही मला बोटीत बसवून परत पाठवेल. त्या घड्याळापाशी. 

गाडी मात्र स्वयंपाकघराच्या बाजूला आणली. तिला सांगितलं, तिकडे छपराचं बर्फ पडतं.

१९ मार्च. वारा नाही.

अक्षर वाईट येतंय.

दुपारी भांडी घासत होतो. खिडकीतून गाडी दिसते. गाडीचं छप्पर मागे पाडलेलं आणि राखाडी स्वेटरमधली पाठ वाकलेली. मला राग आला. एवढं सांगूनही सिग्नी पाजतेच आहे. काचेवर जोरात ठोकलं. पाठ हलली नाही. आणखी ठोकलं.

मागून सिग्नीने विचारलं, कुणाला ठोकतोयस, बाबा?

ती जिन्यात उभी होती. अंगात निळा झगा, केस ओले.

मी पुन्हा बाहेर बघितलं तर फक्त गाडी. पळत गेलो. पोरीची हनुवटी दुधाने भिजलेली. गाडीपासून खोपीपर्यंत बर्फ खचलेलं होतं. पावलं नव्हती. कुणी ओला घोंगडा ओढत न्यावा तशी एक पट्टी.

सिग्नीला काय सांगू? खारूताई होती म्हणालो. खारूताई! या बेटावर झाड नाही.

२१ मार्च.

गाडी आता घरात. बाहेर झोपवणार नाही. सर्दी झाली म्हणून सांगितलं.

आज संध्याकाळी सिग्नीने पोरीला जवळ घेतलं. ही तिची हक्काची वेळ, ही अजून तोडायची नव्हती. रुनाने तोंड फिरवलं. सिग्नीने थेंब ओठांना लावला. पोरीने तो थुंकला. दोन्ही हातांनी आईला ढकललं आणि खोपीकडच्या खिडकीकडे बघत राहिली.

सिग्नी कितीतरी वेळ तशीच बसली, झगा उघडा, समोरून ओला होत चाललेला. म्हणाली, मी हिला हळूहळू सोडवणार होते, बाबा. हिने मला एका दिवसात सोडलं.

मी तिच्या खांद्यावर घोंगडी टाकली. दुसरं काय करणार.

२३ मार्च.

दूध एकदम अडलं, त्याचं व्हायचं ते झालंच. सिग्नीच्या उजव्या छातीत गाठ, लालभडक, अंगात ताप. गाठीवर कोबीची गार पानं लावतात म्हणून दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, एवढे कोबी, मटण-कोबीचा बेत दिसतोय! मी हो म्हटलं.

ती पानं लावून थरथरत पडून आहे. पोर शेजारच्या खोलीत. खाल्लं नाही. लापशी नाही, केळं नाही, बाटली नाही. पाणीही तोंडातून काढून टाकते.

२४ मार्च.

गाठीत पू. डॉक्टरांची बोट आली, सिग्नीला मुख्य भूमीवर नेलं. स्ट्रेचरवरून माझा हात धरून म्हणाली, काहीही कर, पण हिच्या पोटात काहीतरी घाल. आणि बाबा, तुझ्या त्या गोष्टी नकोत. शपथ घे.

घेतली.

वेगारला जहाजावर फोन लागत नाही.

घरात मी आणि रुना.

२५ मार्च.

खात नाही. चमच्याने दूध घातलं, गालातून सांडलं. आरोग्यकेंद्राच्या बाईंना फोन केला. म्हणाल्या, आई नसली की पोरं करतात असं, ओठ ओले ठेवा, उद्या येते.

खोपीकडच्या खिडकीच्या काचेवर बाहेरून डाग. पांढुरका, वाळलेला, खाली ओघळ गेलेला. बाई काचेला टेकून उभी राहिली तर छाती येईल तेवढ्या उंचीवर.

मी गरम पाण्याने धुतला.

परत आलो तर रुना खुर्चीवर चढून काच चाटत होती. आतून.

२६ मार्च.

काचेवर पुन्हा. दोन डाग.

गुडवेगला फोन केला. पोरीला घेऊन इकडे ये म्हणाली, आत्ताच्या आत्ता, वाट बघू नकोस. पुढच्या दाराने निघालो. फाटकापर्यंतही गेलो नाही. पोर कमान करून मागे वाकली, खोपीकडे हात, श्वास धरला, ओठ निळे — परत आणलं. आत आल्यावर श्वास घेतला.

बाईंची बोट लाटांमुळे सुटली नाही.

गाल गेले. डोळे मोठे दिसतात. माझा सदरा आता ओढत नाही.

बाहेर नेली तर ती पाजेल. पोर जगेल. पण मग आमची —

नाही. नाही नेणार.

मी खिडकीपाशी बसलो आहे. ती खोपीच्या भिंतीला टेकून बसली आहे. भर उजेडात. तोंड नीट दिसत नाही, केस ओले, पुढे आलेले. स्वेटर समोरून भिजलेला. वाट बघते आहे. घाई नाही तिला. एकटीच आहे. मी पडदा ओढला तर मला तिचं वाईट वाटलं. हे कुठे लिहू नये, पण वाटलं.

२७ मार्च. सकाळ.

सिग्नीचा फोन! गाठ कापली, ताप उतरला. डॉक्टर म्हणाले पाजलेलं चांगलं, दूध तोडायचं नंतर बघा. लाटा ओसरल्या, दुपारच्या बोटीने येते आहे. म्हणाली, बाबा, दूध अजून आहे, ती घेईल ना रे? मी म्हटलं, घेईल, आईच आहेस तिची.

देवा, घेऊ दे.

दुपार.

बोट लागली. वरून दिसली. सिग्नी चढण चढते आहे, सावकाश, हात छातीशी.

रुना स्वयंपाकघरात जमिनीवर. टेबलाचा पाय धरून उभी राहिली आहे. अंगात बळ नाही, तरी उभी.

सिग्नी दारात. कोट तसाच टाकला. गुडघ्यांवर बसली, बटणं काढली, हात पसरले. मी उठायला लागलो तर मला हाताने थांबवलं. कुजबुजली, बाबा, हलू नको, बोलू नको, लिहीत होतास तसाच लिहीत बस. तिला आपणहून येऊ दे.

म्हणून लिहितो आहे.

पोर तिच्याकडे बघते आहे. बघते. हसली!

मागे थंड वाटतंय. खोपीकडचं दार. मी कडी लावली होती — लावली होती —

सिग्नीला ते दिसत नाही, मधे भिंत आहे. मला दिसतंय. तीही गुडघ्यांवर. तिनेही हात —

ओरडायचं आहे. जीभ हलत नाही, पाय उठत नाहीत. हात तेवढा चालतो.

रुनाने टेबलाचा पाय सोडला.

एक पाऊल. सिग्नी रडते आहे, हसते आहे, ये म्हणते आहे. दुसरं. सिग्नीकडे. सिग्नीकडेच. आणखी एक टाक, बाळा, आणखी एक

थांबली. मान वळव