पाडव्याआधीचा चेहरा

३ मार्च, सोमवार

"बिमार होत्या काय ताई?" — खुशालभाऊंचा पहिला प्रश्न! इतक्या वर्षांनी त्यांच्या साडीच्या दुकानात पाय ठेवला आणि हे स्वागत.

"नाही भाऊ, दोन लेकरं झाली," म्हटलं. ते ओशाळले.

पिंटू पोटात होता तोवर मी याच दुकानात गिऱ्हाइकांना साड्या नेसवून दाखवायचे. माझ्यासारख्या निऱ्या अख्ख्या अमरावतीत कोणाच्या पडत नाहीत. फुशारकी नाही, खरं आहे म्हणून लिहिते. आता गिऱ्हाईक दुकानात कमी येतं. फोनवर लाइव्ह असतो — साडी अंगावर लावून दाखवायची, बाया घरबसल्या मागवतात. भाऊ म्हणाले, "काम तुमचंच हाय. पन चेहरा जरा ताजा पायजे. पाडव्याच्या आधी एक ट्रायल घेऊ."

घरी येऊन आरशात नीट पाहिलं. पिंटू झाल्यापासून आरसा म्हणजे फक्त टिकली लावण्यापुरता. डोळ्यांखाली काळं, गाल खरबरीत, ओठांच्या कडेला रेघा. बत्तिसाव्या वर्षी! पण नाक-डोळे जागेवर आहेत. बाकीचं मी परत आणते. ही नोकरी मला पाहिजे म्हणजे पाहिजे.

५ मार्च, बुधवार

आईला वरूडला फोन केला. तिचं औषध ठरलेलं — "संत्र्याची ताजी साल चोळ, वरून निंबू पीळ. मी जल्मभर दुसरं काई लावलं काय?" आम्हा वरूडच्या मुलींना सर्दी असो, पोटदुखी असो, संत्र्यावाचून काही सुचत नाही. माझा भाऊ, दादा, संध्याकाळी गाडीवर पिशवीभर संत्री घेऊन हजर.

सासूबाई साली पाहून म्हणाल्या, "लेकराची माय झाल्यावर तोंड कोन पायते, मंजू?"

"खुशालभाऊ पाहनार हायेत, आई."

नवरा, जीवन, म्हणाला, "मले तं तू अशीच बरी दिसतं." टीव्हीकडे तोंड करून म्हणाला.

६ मार्च, गुरुवार

जीवनला सरळ सांगितलं. आरू आता दोन वर्षांची झाली. आजपासून तिचं अंगावर पिणं बंद, आणि रात्री ती उठली की तू घ्यायची. "मले सकाळी ड्यूटी हाय न!" मी म्हटलं, "मले रात्रंदिवस हाय." उशी घेऊन तिच्या बाजूला गेला.

८ मार्च, शनिवार

महिला दिन. मोबाइलवर गुलाबाची फुलं आली. भांडी मीच घासली.

९ मार्च, रविवार

काय गाढवपणा केला! सकाळी साल चोळली, निंबू पिळलं, आणि वाळू देऊ म्हणून तसंच ठेवलं. तेवढ्यात सासूबाईंची हाक, "मंजू, कुरोड्या घालाले ये, चीक थंडा होऊन राहिला." तशीच गच्चीवर गेले. दुपारपर्यंत उन्हात कुरडया घातल्या. खाली आले तर गाल तव्यासारखे तापलेले. पाणी लागलं तरी झोंबत होतं.

सासूबाईंनी घाबरून दुधाची साय लावली. "मले काय मालूम त्वा निंबू लावून ठेवलं म्हून." त्यांचा काही दोष नाही. वरूडमध्ये आई साल चोळायची ती रात्री. मी ते विसरले.

१३ मार्च, गुरुवार

जळजळ गेली. डाग राहिले. दोन्ही गालांवर तपकिरी, कपाळावर थोडे. आज संध्याकाळी थोडं रडले, मग पिंटूचा अभ्यास घेतला. बरं आहे, उद्या रंग खेळायचा. एक दिवस तरी सगळ्यांचीच तोंडं डागाळलेली असतील.

पण झोप लागते आहे. आरू आता बापाच्या कुशीत सरकते. डोळ्यांखालचं काळं खरंच कमी झालं. कुठल्या क्रीमनं हे होत नव्हतं.

१८ मार्च, मंगळवार

ट्रायलला गेले. डाग घेऊनच गेले. भाऊंनी पाहिलं आणि नजर फिरवली.

दुकानातली हर्षा फोन धरते. ती म्हणाली, "ताई, टेन्शन काहून घेता? फिल्टर टाकते, काईच नाई दिसनार." टाकला. फोनमध्ये माझा चेहरा दुधासारखा झाला. क्षणभर मला आवडला, खोटं कशाला लिहू. मग खांद्यावरची साडी पाहिली. खांद्यावर शेवाळी, फोनमध्ये पोपटी.

"भाऊ, हे पाहा. तुमच्या साड्या वापस येऊन राहिल्या असतील न?"

ते म्हणाले, "लय येऊन राहिल्या. रंग वेगळाच निघाला म्हन्तेत बाया."

"मंग फिल्टर काढा."

"अन् तुमचे डाग?"

"ते माहे हायेत. लोकायले साडी पाहू द्या."

हर्षानं फिल्टर काढला आणि लाइव्ह सुरू केला. मी पदर खांद्यावर घेतला. निऱ्या घातल्या, फिरून दाखवलं, बोलत राहिले. अकोटच्या एका बाईनं खाली लिहिलं, "ताईनं डाग नाई लपवले, मंग साडीचा रंगबी खराच असन." दाखवलेल्या सगळ्या साड्या गेल्या! भाऊ म्हणाले, "परवापासून या."

मी घरी चालत आले. ओढणी तोंडाला बांधली नाही.

२४ मार्च, सोमवार

रोज लाइव्ह असतो. बाया साडीसोबत मलाही विचारतात, "ताई, थकवा गेला तुमचा, काय लावता?" मी सांगते, नवऱ्याला रात्री उठवते. अकोल्याच्या एका काकूंनी फोन नवऱ्याला ऐकवला म्हणे.

आज सासूबाईंनी शेजारणीला बोलावून लाइव्ह दाखवला. "आमची सून हाय," म्हणाल्या. मला फार बरं वाटलं.

डाग मात्र हटत नाहीत. लाइव्हसाठी नाही, माझ्या समाधानासाठी कातडीच्या डॉक्टरांना दाखवणार.

२९ मार्च, शनिवार

डॉक्टर दीक्षा मॅडमनी गाल उजेडात धरून पाहिले. "जळजळ निंबाची होती. हे डाग निंबाचे नाहीत, हे वांग आहेत. पाळी कधी आली होती?" आरू पीत होती तोवर पाळी मागे-पुढेच असायची, मी लक्षच दिलं नव्हतं. तिथंच तपासणी केली. दिवस गेलेत; वांग त्याचेच.

मागच्या दोन्ही वेळी घरच्यांनी पेढे आधी वाटले, मला नंतर विचारलं. उद्या पाडव्याचा लाइव्ह आहे, तो मी करणार. या वेळी काय करायचं ते आधी मी ठरवणार. घरी मग सांगीन.