गुळाचा दोष

माय, आज सकाळपासून नातीचे दोन्ही गाल सुजले आहेत. डॉक्टर म्हणाले, गालगुंड आहे, आठ दिवसांत उतरेल, घाबरण्यासारखं काही नाही. सून घाबरली नाही. मी मात्र पोरगी कितीदा पाणी मागते त्यावर डोळा ठेवून बसले आहे. दुपारी सून म्हणालीच, "आई, पिऊ द्या ना तिला. असं काय बघता?" काय सांगणार तिला? माझ्या धाकट्या बहिणीबद्दल मी या घरात कधी तोंड उघडलेलं नाही. म्हणून तुला लिहिते आहे.

आपण अकोल्याला कापसाच्या जिनिंगच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दोन वर्षं झाली होती. मी नऊ वर्षांची, धाकटी पाचाची. गालगुंड शाळेतून मी घरी आणलं. तोंड असं फुगलं होतं की बाबा मला टरबूज म्हणून चिडवायचे. तेल्हाऱ्याला मावशीचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं, आणि लेकरांनी भरलेल्या मांडवात धाकटीचं दुखणं उपटलं तर काय घ्या, याची तुला काळजी. म्हणून तू तिला माझ्याच ताटात जेवायला बसवलंस, माझ्याच पेल्यातून पाणी पाजलंस, माझ्याच वाकळीत निजवलंस. शेजारणीला सांगत होतीस, "होऊन जाऊ दे एकदाच. दोघीइचं निपटून जाईन, मंग लग्नात कटकट नाही." शेजारीण म्हणाली, "बराबर हाये." सगळ्याच बाया तसं करत. मी तर खूशच होते, एकटीनं पडून पडून माझा जीव कंटाळला होता.

अडीच-तीन आठवड्यांनी तिचे गाल आले, अगदी तुझ्या हिशोबाप्रमाणे. तिला जबडा हलवता येईना. मग तू चुलीपुढे बसून गुळाचं पाणी करायचीस, गव्हाची गोड लापशी पातळ करायचीस, चमच्याचमच्यानं तिच्या तोंडात सोडायचीस. सूज उतरली. पोरगी अंगणात पळायला लागली. तू हुश्श केलंस आणि लग्नाच्या तयारीला लागलीस.

मग तिला तहान लागायला लागली. अकोल्याच्या वैशाखात तहान कोणाच्या लक्षात येते माय? आपण सगळेच माठापाशी पडलेलो. ती एक पेला प्यायची आणि लगेच दुसरा मागायची. "काहून वं एवढं पाणी पिऊन राहिली?" तू विचारायचीस. "मले लागते," ती म्हणायची. अंथरूण ओलं व्हायला लागलं तेव्हा तू तिच्या पाठीत धपाटा घातलास. "पाच वर्साची घोडी झाली, लाज नाही वाटत?" सकाळी वाळत घातलेल्या वाकळीवर मुंग्यांची रांग चढायची. तू ती झटकायचीस आणि कामाला लागायचीस. तेल्हाऱ्याच्या मांडवात नवा झगा तिच्या खांद्यावरून सारखा घसरत होता. बाया म्हणाल्या, ऊन बाधलं. एक म्हातारी म्हणाली, देव सोडले म्हणून. तू तिला तिथल्या तिथे झापलंस, पण तुझा चेहरा उतरलेला मी पाहिला.

बुद्धपौर्णिमेला तू गुळाची खीर केलीस. लेकरू वाळून चाललंय, अंगात ताकद यावी म्हणून तिला दोन वाट्या दिल्यास. तिसऱ्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेलं तेव्हा ती लांब लांब श्वास घेत होती आणि तिच्या तोंडाला नासत आलेल्या फळासारखा वास होता. डॉक्टरांनी लघवी निळ्या औषधात टाकून उकळली. निळ्याचं विटकरी झालं. "साखर आहे. फार उशीर केला," ते म्हणाले. तू म्हणालीस, "मी गूळ देल्ला जी. मीच देल्ला." ते सुई भरत होते, त्यांनी वर पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

त्यानंतर आपल्या घरात गूळ आला नाही. पौर्णिमेला शेजारून खीर यायची, ती तू आम्हाला वाढायचीस आणि स्वतः उठून परसात जायचीस. वस्तीतल्या बाया तुझ्या माघारी म्हणायच्या, मायनंच गोड चारून चारून पोर घालवली. तुला ते माहीत होतं. तू त्यांच्याशी कधी भांडली नाहीस, एवढी तोंडाची फटकळ असून.

पुढे मी अमरावतीला दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लागले, तू माझ्याकडे राहायला आलीस. तेच निळं औषध मी रोज उकळायचे. एकदा असंच एक वाळलेलं लेकरू आलं, आणि मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या आईला विचारलं, "मागे गालगुंड झालं होतं का? किंवा असाच साथीचा ताप?" नंतर ते मला म्हणाले, असल्या विषाणूंनी पोटातली इन्सुलिन करणारी ग्रंथीच बिघडत असावी, अशी शंका आहे. खात्री कोणालाच नाही. हजारो पोरांना गालगुंड होतं आणि काही होत नाही. पण गोड खाल्ल्यानं लेकरांना हा आजार जडत नाही, एवढं नक्की. मी घरी कशी आले ते मला आठवत नाही.

तू अंबाडी निवडत बसली होतीस. त्या दिवशीच तुला कसं सुचलं कोण जाणे. वर न बघता तू म्हणालीस, "तू तं तपासतं लेकी, तुले ठाऊक असन. गुळानंच झालं न तिले?"

मी म्हणाले, "आता काय त्याचं, माय." तू मान हलवलीस आणि भाजी निवडत राहिलीस. त्याच थंडीत तू गेलीस.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुझ्यावर दया करून गप्प बसले. गूळ नाही म्हटलं असतं, तर तुला ते एक ताट आठवलं असतं, आणि तो घाव गुळापेक्षा मोठा होता. हे खोटं आहे, माय. तुझा विचार माझ्या मनातही आला नव्हता. दोष गुळाचा होता तोवर तो तुझा होता. गालगुंडाचा झाला असता, तर ते घरात कोणी आणलं हे तू मला विचारलं असतंस.