निवृत्त हे, दुकानावर मी

३ मार्च
आजही धुलाईचं दुकान मीच उघडलं. निवृत्त व्हायला परदेशात आलो खरे, पण निवृत्त झाले ते हे एकटेच. हे बाल्कनीत पाय पसरून समुद्र बघतात आणि मी परक्यांच्या चादरी धुते. वाळवायच्या एका यंत्राचं दार लागत नाही, त्याला खुर्ची टेकवून ठेवते.
खोड ह्यांचीच. तिकडे फ्लॅट माझ्या नावावर घेतला, बायकांना सवलत मिळते म्हणून. त्याच सवयीने इथलं दुकानही माझ्या नावावर! इथे सवलत कसली? ज्याच्या नावावर धंदा, त्याने दुकानात हजर राहायचं, तरच व्हिसा. म्हणजे मी गुंतवणूकदार आणि हे माझे आश्रित. जन्मभर साहेब म्हणवून घेतलेला माणूस. व्हिसाच्या कागदावरचा 'आश्रित' हा शब्द त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला होता.

११ मार्च
तपासनीस आला. "मालक कोण?" डबा द्यायला आलेले हे छाती काढून पुढे. त्याने कागद बघितला, मला नमस्कार केला.
घरी तोंड फुगलेलं. "दुकान मी चालवतो हे सांगायचंस ना त्याला." — कुठून, बाल्कनीतून? बोलले नाही. इथे लिहिलं की डोकं थंड होतं.

२ एप्रिल
व्हिसाची मुदत संपत आली. दोघांची तपासणी. डॉक्टरीणबाई ह्यांच्या छातीला नळी लावून फार वेळ ऐकत बसल्या.
परतताना जिन्यात हे दोनदा थांबले. म्हणाले, "चप्पल चावतेय." चप्पल जुनीच.

१९ एप्रिल
माझा व्हिसा वाढला. ह्यांचा नाही. हृदय बिघडलेला आश्रित इथल्या सरकारला नको.
वकील म्हणाला, "बाईंनी दुकान विकावं आणि जावं. तोवर पैसे अडकलेले." तिकडचा फ्लॅट विकून तर हे दुकान घेतलं. आता तिकडे घर नाही, इकडे नवरा नाही. आगीतून फुफाट्यात पडणारे निदान जोडीने तरी पडतात.
ह्यांनी माळ्यावरची बॅग काढली. संध्याकाळी एवढंच — "अगं, माझे मोजे कुठल्या कप्प्यात असतात?"

६ मे
विमानतळ. "येईल त्या भावात दे. आणि ये लवकर." मी मान हलवली. रांगेतल्या मुलीने "पुढे चला" म्हणेपर्यंत हात सोडला नाही ह्यांनी.

१५ जून
हे दिराकडे, बाहेरच्या खोलीत, दिवाणावर. जाऊबाई फोनवर साखर पेरत होत्या — "पथ्याचं ताट पुढे केलं की परत पाठवतात हो. ताई, तुम्ही कधी येताय?" पाहुणा जड झालाय, हे गोड आवाजातही कळतं.
मग हे फोनवर. रोजचाच प्रश्न. "आलं का कोणी दुकान बघायला?"
"नाही हो."
खरंच नाही आलं. असलं दुकान घेतो कोण? आमच्यासारखेच कोणीतरी.

२ जुलै
रविवार. बाल्कनीत पहिल्यांदाच बसले. इथून बोटी दिसतात! कोणी हाक मारली नाही, कोणाला काही हवं नव्हतं. चहा निवेपर्यंत बसले. मग भीती वाटली, आत आले.

२१ जुलै
एक जोडपं आलं दुकान बघायला. भाव मान्य. ताबा कधी देता, विचारलं. म्हटलं, विकायचं नाही.
संध्याकाळी ह्यांचा फोन. "आलं का कोणी?"
"नाही हो."