कोबी एकवार

दि. १८ जानेवारी

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे खुशाल असाल. खोकं सुखरूप पोचलं, पण पोच द्यायला मी फार उशीर केला, त्याबद्दल रागावू नका. वस्तूला धक्का लागू नये म्हणून तुम्ही इतक्या चिंध्या आणि इतके जुने पेपर कोंबले होते की खोकं उघडल्यावर आधी मला वाटलं, भाऊजींनी रद्दीच धाडली. मग खालून ती मूठ लागली हाताला. मूठ धरून वर काढलं, तर हे एवढं धूड. इतकं स्वच्छ केलेलं की जुनं म्हणायला जीभ रेटत नाही.

तुमची पुतणी छापखान्यात कामाला लागली आहे. माझं वसतिगृहातल्या स्वयंपाकघराचं काम चालू आहे, फक्त पूर्ण दिवसाऐवजी आता दुपारपर्यंतच जाते. आम्ही तिघं ठीक आहोत.

आता यंत्राचं सांगते. पहिला दिवस फुकट गेला. मी एरियल पार छतापर्यंत ओढली, गोल चकती इकडून तिकडे फिरवली, आणि यंत्र हूं की चूं करेना. म्हटलं, आलं मोडून. पुतणी संध्याकाळी कामावरून आली, तिने तुमची चिठ्ठी वाचली आणि वरचा खटका एक घर सरकवला. तो टेपवर होता. टेपवर ठेवून मी रेडिओ शोधत होते. मग सीडी लावली, तीही गरगर फिरली पण गाईना, कारण चकाकती बाजू मी वर केली होती. चांगली बाजू वर ठेवायची, इतकंच मला कळलं होतं. चिठ्ठीत तुम्ही लिहिलंय, “बटणावर जोर लावू नये, आपल्याला दार तोडायचं नाही.” ते वाचून आम्ही दोघी खूप हसलो. कितीतरी वर्षांनी तुमचं अक्षर घरात आलं.

बटणांवर कापडी पट्ट्या चिकटवून तुम्ही जे शब्द लिहिलेत, वाजवा, थांबा, मागे, पुढे, त्यांचा फार उपयोग झाला. आता मी डोळे मिटूनही चालवते. बासरीची सीडी रोज दुपारी लागते.

दादा ऐकतात का, असं तुम्ही विचाराल. ऐकतात. सगळं ऐकतात. पूर्वीपेक्षा जास्तच ऐकतात. बोलणं थोडं कमी झालंय, एवढंच. वय झालं म्हणायचं आणि काय.

दूध उतू चाललंय, उठते.

दि. १९ जानेवारी

काल पत्र तिथेच राहिलं. आज सकाळी मागचं वाचून पाहिलं आणि फाडून टाकावंसं वाटलं. ज्या माणसाने आमच्यासाठी जुन्या यंत्राची एकेक तार साफ केली, त्याला मी “वय झालं” म्हणून गुंडाळतेय. फाडत नाही, पण आता खरं लिहिते.

पुतणीने तुम्हाला फोन केला तेव्हा “बाबांची तब्येत बरी नाही, ऐकायला काहीतरी हवंय, मोठ्या बटणांचं हवंय” इतकंच म्हणाली ना? पुढचं सांगायचं नाही, अशी मी तिला शपथ घातली होती. भाऊजी, पावसाळा सरता सरता ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. पाय परत आला, काठी घेऊन चालतात. हात अजून लोंबतोच. आणि बोलणं गेलं.

आवाज गेला नाही, शब्द गेले. डॉक्टर म्हणाले, ह्यांना सगळं समजतं, मनात सगळं नीट असतं, फक्त तोंडापर्यंत येताना वाट चुकते. दवाखान्यात पहिल्यांदा तोंड उघडलं ते “कात्री” म्हणाले. मी येडी, परिचारिकेकडून कात्री मागून आणली. ह्यांनी ती भिरकावून दिली, तेव्हा कळलं की पाणी हवं होतं. मग पाणीही कात्री, चादरही कात्री, मी कात्री आणि लेकही कात्री. ज्या माणसाला अख्खा भाजीबाजार भोंगा म्हणायचा, ज्याचा लिलाव पुकारतानाचा आवाज पलीकडच्या रस्त्यावर उभ्या ट्रकवाल्यांना ऐकू जायचा, तो खिडकीपाशी खुर्ची टाकून गप्प बसायला लागला. बाजारातली माणसं भेटायला आली की झोपेचं सोंग घ्यायचा. हळूहळू तीही यायची थांबली.

तुम्हाला का नाही कळवलं? कारण तुम्ही दया म्हणून धावत आला असता आणि ते ह्यांना सोसलं नसतं, असं मला वाटलं. तुमचंही मन मी जाणते. तुम्ही गाळ्यावरचं काम सोडून दुरुस्तीचं दुकान टाकायचं ठरवलंत, तेव्हा भर बाजारात, लिलावाच्या चौथऱ्यावर उभं राहून ह्यांनी तुम्हाला जे सुनावलं, ते मी इथे लिहीत नाही. तुम्हाला ते पाठ असणार, मलाही आहे. तुम्ही मान खाली घालून निघून गेलात. त्यानंतर इतकी वर्षं मधे गेली.

तर तुमचं यंत्र आलं त्या सुमारास घरात अशी शांतता होती की भांडं ठेवलं तरी दचकायला व्हायचं.

रेडिओ लागायला लागला त्याच आठवड्यात एका सकाळी मी गाजरं किसत होते. बातम्या संपून बाजारभाव सुरू झाले. ती रेडिओवरची बाई एका सुरात वाचत होती, टोमॅटो इतके, गाजर इतके, कोबी इतका. आणि माझ्या पाठीमागून आवाज आला, “कोबी एकवार.”

मी वळले नाही. हात तसाच किसणीवर. वाटलं, वळले तर थांबेल.

“कोबी एकवार, कोबी दोनवार, बोला, बोला, कोबी तीनवार.” तोच सूर, तोच शेवटचा झटका. खाली फाटकापाशी उभा असलेला पेपरवाला मान वर करून बघायला लागला.

मी धावत जाऊन विचारलं, “काय म्हणालात? परत म्हणा.” ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले आणि म्हणाले, “कात्री.”

दवाखान्यात वाचा शिकवायला एक बाई आहेत. आम्ही त्यांना बोलक्या बाई म्हणतो, कारण त्या स्वतः जेमतेम चार शब्द बोलतात. त्यांना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, “पाठ झालेलं बोलणं वेगळ्या वाटेने येतं. ती वाट उघडी आहे. त्याच वाटेने बाकीचे शब्द आणू.” मग म्हणाल्या, “ह्यांचं पुकारणं रेकॉर्ड करा आणि ह्यांनाच ऐकवा.”

मोबाईलवर करून पाहिलं होतं आधी. त्या गुळगुळीत काचेवर ह्यांचं डावं बोट भलतीकडेच पडायचं, मग संताप. तुमच्या यंत्राची बटणं खटकन बसतात, दाबलं की दाबलं. पण रेकॉर्डचं बटण काही केल्या खाली जाईना. तुमच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला उत्तर होतं, कॅसेटच्या पाठीवरचं छोटं भोक चिकटपट्टीने बुजवा, आणि लाल बटण एकटं चालत नाही, त्याच्या जोडीने “वाजवा” दाबा. दोन बटणं एकदम. ह्यांचा एकच हात चालतो, म्हणून एक बटण ह्यांचं आणि एक माझं. संसार इतकी वर्षं केला, पण असं जोडीने कधी काही केलं नव्हतं.

रेकॉर्ड केलं, मागे नेलं, वाजवलं. कोबीचा लिलाव ऐकताना चेहरा असा फुलला. त्याच्यापुढे मी विचारलेलं होतं, “आता चहा घेणार का?” आणि त्यावर ह्यांचं उत्तर. “कात्री. कात्री कात्री.”

भाऊजी, तोपर्यंत ह्यांना माहीतच नव्हतं. स्वतःच्या कानाला ते नीटच ऐकू येत होतं, आम्हीच बहिरे झालो असं वाटत होतं. टेपवर ऐकलं तेव्हा कळलं. ह्यांनी स्वतः “थांबा” दाबलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतरचे दिवस मला आठवायचे नाहीत. जेवण तसंच परत यायचं. बोलक्या बाई घरी येऊन गेल्या, ह्यांनी डोळे उघडले नाहीत. मी मनात तुमच्या यंत्राला नावं ठेवली, हेही लिहून टाकते. म्हटलं, होतं ते समाधानही ह्या डब्याने नेलं.

एका दुपारी कामावरून आले तर दाराबाहेरूनच करकर ऐकू आली. म्हटलं, झालं, टेप गुंतली. आत जाऊन पाहते तर हे यंत्र मांडीवर घेऊन बसलेले. “मागे” दाबायचे, “वाजवा” दाबायचे, कोबी तीनवार झाला की “थांबा”. कात्रीच्या आधी बरोबर थांबवायचे. परत मागे. कितव्यांदा चाललं होतं कोण जाणे. आणि टेपच्या जोडीने स्वतः पुकारत होते. आधी पुटपुटत, मग मोठ्याने.

मी चपला न काढता तिथेच उंबऱ्याशी बसले.

माणसाची माया कितीही असली तरी तेच तेच सांगताना आवाजात कंटाळा येतोच. माझ्या आला होता, पुतणीच्याही. तुमचं यंत्र विसाव्यांदाही तसंच सांगतं, कपाळाला आठी नाही. ह्यांना तेच हवं होतं. माझ्यासमोर चुकायची लाज वाटायची, ह्याच्यासमोर वाटत नाही.

मग बोलक्या बाईंनी युक्ती केली. कोबीच्या जागी एकेक शब्द घातला. पाणी एकवार, पाणी दोनवार. चहा एकवार. काठी एकवार. सकाळी रेकॉर्ड करायचं, दिवसभर ऐकायचं आणि पुकारायचं. आमच्या घराचा बाजारच झाला. उशी, चष्मा, सगळ्याचा लिलाव निघाला. एकदा मी पोळ्या लाटत असताना मागे उभे राहून “बायको एकवार” सुरू केलं. पुतणी म्हणाली, “बाबा, तीनवार म्हणू नका, कोणीतरी घेऊन जाईल.” ह्यांनी दोनवारवर थांबून माझ्याकडे पाहिलं आणि हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा हसताना पाहिलं. तोंड जरा वाकडं होतं हसताना. मला तर हल्ली तेच आवडायला लागलंय.

हळूहळू एकवार-दोनवार गळायला लागलं. नुसतं “पाणी” यायला लागलं. कात्री अजून येते मधूनमधून, पण आता येते तेव्हा ह्यांना कळतं आणि मान हलवून परत प्रयत्न करतात.

यंत्र कोणी दिलं, हे आम्ही ह्यांना सांगितलं नव्हतं. जुन्या बाजारातून आणलं, असं पुतणीने ठोकून दिलं होतं. एका सकाळी मी सेल बदलत होते. हे समोर बसले होते. “थांबा” लिहिलेल्या पट्टीवर ह्यांनी बोट ठेवलं. अक्षरावरून बोट फिरवत राहिले. मग सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, “धा. क. टा.”

हा शब्द कुठल्याच कॅसेटवर नव्हता. आम्ही कोणी शिकवला नव्हता. कोणाचा सूर नाही, लिलाव नाही, आपणहून आलेला ह्यांचा पहिला शब्द तो.

मी म्हटलं, “हो. भाऊजींनी पाठवलंय.” ह्यांनी यंत्र जवळ ओढलं आणि डाव्या हाताने पुसायला लागले, स्वच्छच होतं तरी.

त्या दिवसापासून दुपारी दार लोटून घेतात. लाल बटण आणि “वाजवा” एका हाताच्या अंगठ्याने आणि करंगळीने एकदम दाबायला शिकलेत, माझी गरज उरली नाही. आतून आवाज येतो, थांबतो, परत मागे नेल्याची करकर होते. काय बोलतात ते मी कान लावून ऐकलं नाही. पण एक-दोन शब्द भिंतीतून येतातच. तुमचं नाव घेतात. आणि “चुकलं” म्हणतात. चु सरळ येतो, कलं अडकतं, मग परत पहिल्यापासून.

परवा मी म्हटलं, “आता चांगलं जमतंय. ही कॅसेट भाऊजींना पाठवू का? पत्र लिहायचंच आहे मला.” ह्यांनी झाकण उघडून कॅसेट काढली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. खिशावर हात ठेवून बराच वेळ शब्द शोधत राहिले. मी मधे बोलले नाही, हे मला आता जमतं. शेवटी म्हणाले, “नाही. समोर.”

म्हणून हे पत्र. भाऊजी, नुसते आभार मानायला मी पत्र लिहीत नाही, आणि आभार मानून हे फिटणारही नाही. तुम्ही कुठल्या आजारावर यंत्र देताय, हे तुम्हाला माहीतही नव्हतं. दादाला ऐकायला हवंय म्हणून तुम्ही दिलंत. त्याने आमच्या घरातला माणूस आम्हाला परत दिला. हे माझ्याकडून.

ह्यांच्याकडचं मी लिहू शकत नाही. ते ऐकायला तुम्हाला यावं लागेल. लवकर या असं म्हणत नाही, दुकान बंद ठेवणं सोपं नसतं हे मला कळतं. पण याल तेव्हा घाईत येऊ नका. ह्यांना एक वाक्य पुरं करायला वेळ लागतो, आणि ते मधे तोडायचं नाही. तुम्ही डोळे पुसलेत तर चालेल, पण शब्द पुरवू नका. ते वाक्य त्यांनाच म्हणू द्या.

खालची सही मी केलेली नाही. हात धरला नाही, अक्षर सांगितलं नाही. कागद पुढे ठेवला आणि पाठ फिरवून उभी राहिले.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुमची वहिनी

आणि

दादा