नव्वद मिनिटांची कॅसेट

पडेगाव, छ. संभाजीनगर
१९ जानेवारी २०२५

चि. विशाखा हिस अप्पामामाचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे आणि मोबाईलवर एकेक अक्षर शोधत बसण्याइतका दम माझ्यात नाही. म्हणून मी वहीत लिहिणार आणि तुझी सायलीवहिनी फोटो काढून पाठवणार. तूही तसंच कर. नर्स झाल्यापासून तुझं अक्षर डॉक्टरांसारखं झालं असेल, तरी लावीन मी कसंतरी.

घशातली गाठ वाईट निघाली. चोवीस फेब्रुवारीला ऑपरेशन आहे, आणि त्यात आवाजाची पेटीच काढणार म्हणतात. चाळीस वर्षं आपल्या गायन पार्टीत गायलो, जयंतीच्या स्टेजवर निवेदन केलं, आता यापुढं मुका. माझं रडून झालं आहे, तेव्हा तू पुन्हा सुरुवात करू नकोस.

तुझ्याकडं एक काम आहे. तुझ्या राजूमामाला शोध. तो इंग्लंडात, तू राहतेस त्याच लेस्टर गावात होता. तिकडच्या विहाराच्या ओळखीनं गेला आणि मोज्यांच्या कारखान्यात लागला, एवढंच मला ठाऊक आहे. तीस वर्षांत त्याचा फोन नाही. तुझी आई गेली तेव्हाही त्याला कळवायला पत्ता नव्हता. चोवीस तारखेच्या आत मला त्याच्याशी फोनवर बोलायचं आहे, माझ्या स्वतःच्या आवाजात.

काय बोलायचं तेही सांगतो. एकोणनव्वदची जयंती होती. मंडपात मागं संकोचून उभे राहणाऱ्यांना मी माईकवरून नेहमी हाक द्यायचो, मागं का उभा, पुढं ये, जागा तुझीच हाय. हे ऐकतच राजू वाढला. त्या दिवशी दोन गाण्यांच्या मधे मी त्याला पाच मिनिटं माईक दिला. त्यानं ढोलकीच्या ठेक्यावर वस्तीतल्या सगळ्या पोरांची नावं अशी झरझर गुंफली की मंडप उठून उभा राहिला. लोक म्हणाले, परत होऊ द्या. माझं गाणं खोळंबलं होतं. मी त्याच्या हातातून माईक ओढला आणि सगळ्यांसमोर बोललो की ज्याला गाता येत नाही त्यानं माईकला हात लावू नये. पोरगा एकोणीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी तो परदेशी निघून गेला.

मला त्याची माफी मागायची आहे. थंडीत कानाला बांधत जा. तुझ्या आईचा हट्टीपणा तुझ्यात आहे, तो या कामी लाव.

तुझा,
अप्पामामा


लेस्टर
२ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. अप्पामामांस विशाखाचा सविनय जयभीम वि. वि.

मामा, तुमचा फोटो मी ड्युटीवर उघडला आणि मग औषधांच्या कपाटामागं जाऊन रडले. तुमची आज्ञा मोडली. वर्षभराची रजा मी एप्रिलसाठी टाकून बसले आहे, आत्ता येता येत नाही, याचाही राग राग होतो.

पण हट्टीपणा लावला. मोज्यांचे कारखाने बंद होऊन जमाना झाला. विहारातल्या एका आजोबांनी सांगितलं की राजू कारखान्यात नावाला होता, त्याचा जीव नाचगाण्याच्या जलशांत. त्यांनी एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानाचा पत्ता दिला. दुकानदार डेरेक, साठीचा, आईवडील जमैकाचे. मी आईच्या अल्बममधला फोटो दाखवला तर तो खुर्चीतून उठलाच. म्हणाला, हा तर एमसी पाडे! पडेगाव म्हणायला जमेना म्हणून लोकांनी पाडे केलं.

एमसी म्हणजे तुमच्यासारखा निवेदक. नव्वदच्या सुमारास इथं रिकाम्या गोदामांत आणि शेतांत हजारो पोरं रात्र रात्र नाचायची, त्याला रेव्ह म्हणत. डीजे तबकड्या वाजवायचा आणि एमसी माईक धरून गर्दीला जागं ठेवायचा. पोस्टरवर डीजेचं नाव ठळक, एमसीचं बारीक, कधी कधी नाहीच. चिठ्ठ्या यायच्या, अमुक गल्लीची पोरं आलीत, तमक्याचा वाढदिवस आहे, की एमसीनं नाव घ्यायचं. नियम एकच, जो समोर हजर आहे त्याचंच नाव घ्यायचं. मला तर तुमचाच मंडप दिसायला लागला.

आधी एमसीनं दोन शब्द बोलून बाजूला व्हावं एवढीच अपेक्षा असे. मग कोणीतरी तबकड्यांवरच्या ढोलाच्या ठेक्याचे तुकडे कापून उलटसुलट जोडले, चाल पळवली, खाली जमीन हलवणारा खर्ज ठेवला. त्याला जंगल म्हणायला लागले. डेरेकसारख्यांच्या वडिलांच्या पार्ट्यांत मोठाले स्पीकर लावून ठेक्यावर बोलायची रीत होतीच, ती त्यात शिरली. ती चाल बाकीच्यांना झेपेना, पण पाडेला झेपली. डेरेक विचारत होता की हा एवढा ठेका कुठून शिकून आला. मी सांगितलं, पडेगावच्या ढोलकीवर.

रात्र संपताना तो आपल्या भाषेत एक ओळ म्हणायचा. अर्थ कोणालाच माहीत नव्हता, पण पब्लिकला ती पाठ. डेरेकला आता ती आठवत नाही, तीस वर्षं झाली. त्याच्याकडच्या टेपा दुकान हलवताना गेल्या. पण चौऱ्याण्णव साली राजूमामानं आपल्या सगळ्यात चांगल्या रात्रीची कॅसेट भावाला पाठवली होती, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मामा, तुम्ही हे बोलला नाहीत. ती आहे का घरात?

राजूमामा आता कुठं आहे हे डेरेकला माहीत नाही. त्यानं एका पोरांच्या क्लबचं नाव दिलं आहे. मला जरा वेळ द्या आणि सायलीवहिनीला न रागावता सूप प्या.

तुमची,
विशाखा


पडेगाव
५ फेब्रुवारी २०२५

चि. विशाखास सप्रेम जयभीम.

तू विचारलंस म्हणून सांगतो, एरवी हे मी माझ्याबरोबर घेऊन गेलो असतो.

कॅसेट आली होती. परदेशी, नव्वद मिनिटांची, आणि सोबत तीन शब्दांची चिठ्ठी, दादा, शेवटपर्यंत ऐक. मी दोन मिनिटं ऐकली. नुसती धडधड आणि त्यावर कोणीतरी इंग्रजीत ओरडतंय. तो राजू आहे हेही मला कळलं नाही. तेवढ्यात त्याचा फोन आला, तेव्हा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात यायचा. ऐकली का, म्हणाला. मी म्हणालो, ऐकली, नुसता धिंगाणा आहे. तो थोडा हसला, आईची तब्येत विचारली आणि फोन ठेवला. तो शेवटचा फोन.

इथवर कोणालाही माफ करता येईल. पुढचं ऐक. त्या काळी आमच्या पार्टीला चांगली कॅसेट मिळणं मुश्कील होतं. पंच्याण्णवच्या जयंतीला मी त्या कॅसेटवर दुसरं भरलं जाऊ नये म्हणून कडेला पाडलेली खाच चिकटपट्टीनं बुजवली, मशीनचं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं आणि त्याच्यावर आमचा कार्यक्रम भरून घेतला. दोन्ही बाजूंनी. माझा आवाज तेव्हा काय होता, विशाखा! लोक अजून त्या कॅसेटचं नाव काढतात. भावाचा आवाज पुसून मी माझा आवाज ठेवला.

काल सायलीला घेऊन शहागंजात जुन्या मशीन दुरुस्त करणाऱ्याकडं गेलो. पाटीवर लिहून विचारलं, खालचा आवाज वर काढता येतो का. तो भला माणूस म्हणाला, चचा, टेपमध्ये खाली-वर काही नसतं, एकदा गेलं ते गेलं. मशीन तेवढं दुरुस्त करून दिलं.

आपल्याकडंही तुझ्या त्या साहेबांच्या देशासारखंच झालं. आधी पेटी-ढोलकी, मग ऑर्गन, मग ट्रॅक्टरवर डीजे. आता निवेदक कोणाला लागत नाही. मी पोरांना शिव्या घालायचो, की हा काय गोंधळ. तीच चूक, तोच माणूस.

राजू सापडला की त्याला कॅसेटचं आधी सांगू नकोस. ते मी सांगीन. एकोणीस दिवस उरले.

लोभ वाढावा असं मी काही केलेलं नाही, आहे तेवढा राहू दे.

अप्पामामा


लेस्टर
१६ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. अप्पामामांस सविनय जयभीम.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. ऑपरेशन होईपर्यंत लपवावं असं वाटत होतं. पण मग तुम्ही चोवीस तारखेपर्यंत फोनकडं बघत बसला असता, आणि ते मला सहन झालं नसतं.

मामा, राजूमामा गेला. दोन हजार वीसच्या नोव्हेंबरात, करोनात. मी इथं यायच्या आधी तीन वर्षं.

त्या क्लबच्या भिंतीवर त्याचा फोटो आहे. केस पांढरे, हसणं अगदी तुमचं. क्लबच्या बाईंनी सगळं सांगितलं. जंगलचं पुढं ड्रम अँड बेस झालं, तेव्हा डीजेंना वाटायला लागलं की एमसीनं कमी बोलावं. मग गॅरेज नावाचं नवं संगीत आलं, त्यात पुन्हा एमसीचं राज्य. आणि मग ग्राइम, त्यात पोरं आपल्या गल्लीची, घरची कहाणीच ठेक्यावर सांगतात, एमसी मुख्य आणि डीजे मागं. ज्या दिवसाची त्यानं वाट बघितली तो आला, तेव्हा तो पस्तिशीचा झाला होता आणि कोणी बोलावत नव्हतं. लग्न केलं नाही. दिवसा बेकरीत काम करायचा आणि संध्याकाळी या पोरांना फुकट शिकवायचा. त्याची एक शिस्त होती, आधी समोरच्यांची नावं घ्या, मग स्वतःचं सांगा. माईक कोणाच्याही हातातून ओढून घ्यायचा नाही, त्याचं झालं की तो स्वतः देईल. हे सांगताना बाई म्हणाल्या की एवढ्या एका गोष्टीवर तो फार कडक होता.

अंत्यविधीला मोजक्याच लोकांना परवानगी होती. क्लबची पोरं बाहेर फुटपाथवर उभी राहिली. आपल्यातलं कोणी नव्हतं. मी त्याच्या स्मृतीच्या जागेवर फुलं ठेवून आले आणि तुमच्या वतीनं माफी मागितली. माझ्या आवाजात ती कितपत पोचली असेल, माहीत नाही.

मामा, काहीतरी लिहा. एक ओळ तरी.

तुमची,
विशाखा


पडेगाव
२२ फेब्रुवारी २०२५

चि. विशाखास अप्पामामाचा सप्रेम जयभीम.

उत्तराला सहा दिवस लावले. त्यातले चार मी भिंतीकडं तोंड करून काढले. सांगितलंस ते बरं केलंस. वंदनेला वस्तीतली सगळी आली. मी सगळ्यांना वहीत लिहून दाखवलं की मी कॅसेटचं काय केलं. माझ्या वयाची माणसं रडली.

आज सकाळी वाटलं, परवा आवाज जाणार, एकदा आपला जुना आवाज ऐकून घ्यावा. मशीन लावलं. दुसरी बाजू. तुझ्या या मामाचा आवाज खरंच चांगला होता गं, पण आज त्याच्यात मला राजूची जागा अडवणारा माणूसच ऐकू येत होता. शेवटच्या गाण्याला मधेच खट झालं. आठवलं, त्या वर्षी त्या गाण्यात लाईट गेली होती आणि मशीन बंद पडलं होतं. तीस वर्षं मी तिथं आलो की कॅसेट मागं फिरवत आलो, पुढं माझं काही नव्हतं म्हणून. आज हात उचलला नाही.

पुढं धडधड सुरू झाली.

तीन-चार मिनिटं आहेत, विशाखा. राजूच आहे. नावं घेतोय, इंग्रजी नावं, तशीच झरझर गुंफलेली, एकोणनव्वदला मंडपात गुंफली होती तशीच. मला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. मग ठेका थांबला. राजू शांतपणे आपल्या बोलीत म्हणाला, अप्पादादा, मागं का उभा, पुढं ये, जागा तुझीच हाय. आणि त्या साहेबाच्या देशातली हजार पोरं वेड्यावाकड्या जिभेनं तेच ओरडली, अप्पादादा, पुढं ये. जो समोर हजर आहे त्याचंच नाव घ्यायचं, असं तूच लिहिलं होतंस ना? त्यानं मला दर रात्री हजर धरलं. आणि मी दोन मिनिटांत उठून गेलो होतो.

कॅसेट संपली तेव्हा डॉक्टरांचं न ऐकता मी मोठ्यानं बोललो. आलो रे राजू, म्हणालो. चुकलो, म्हणालो. आवाज फाटला, पण माझाच होता.

परवा सकाळी सातला नेणार आहेत. एप्रिलमध्ये येशील तेव्हा मी पाटी घेऊन दारात उभा असेन, आणि पाटीवरही तुला बोलणी बसतील. माया ठेव.

तुझा,
अप्पामामा

ता. क. – सायली विचारत होती, निदान ते शेवटचं बोलणं तरी मशीनवर घेतलंत का, पुढं ऐकायला राहिलं असतं. राजूची कॅसेट आतच होती, आणि बोट सवयीनं लाल बटणापर्यंत गेलंही होतं. मी ते उचलून घेतलं.