रेवतीची समजूत घातली, त्याचा वृत्तांत

गोरेगाव (पूर्व),
दसऱ्यानंतरचा गुरुवार

ती. सौ. सुहासिनीताईस,

धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचा खोकला आणि खोकल्यावरची त्यांची व्याख्यानं, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. आम्ही इकडे ठीक आहोत. तुझी भावजय अनुपमा माझ्याशी बोलत नाही आणि तुझी लेक सगळ्यांशी जरुरीपेक्षा जास्त गोड बोलते, तेव्हा ‘ठीक’ हा शब्द तू सैल अर्थाने घ्यावास. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि या हकिकतीतली वाक्यं लांब आहेत.

रेवती माझ्याकडे राहते, माझं ऐकते, म्हणून तिला बंगळूरच्या नोकरीला हो म्हणायला लावावं, अशी तुझी आज्ञा होती. मला तुझं म्हणणं मनापासून पटलं होतं. पोरगी पुण्यात शिकली, हैदराबादेत डॉक्टर झाली (ताप उतरवता न येणारी डॉक्टर), मग जर्मनीत ‘पोस्ट-डॉक’ होती. हे पद म्हणजे जुना अंतेवासीच. फरक इतकाच की गुरूच्या गाई राखण्याऐवजी गुरूचे उंदीर राखायचे. आता इथल्या एका संस्थेत कंत्राटावर आहे आणि ते मार्चमध्ये संपतं. उलट बंगळूरची नोकरी कायमची. तिथे चपला पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला पुढे मोजे दाखवावेत की पॉलिश, हे संगणकाकडून काढून घ्यायचं. कोट्यवधी अक्षरांच्या ढिगातून नेमकी खूण हुडकणं ही रेवतीची विद्या. कंपनीला ती मोज्यांसाठी हवी आहे. असो. शास्त्राने पोट भरावं, कसंही.

समजूत एकांतात घालावी म्हणून मी एका पहाटे तिच्याबरोबर आरे कॉलनीत गेलो. ती तिथल्या तबेल्यांतून म्हशींचं दूध गोळा करते, पिण्यासाठी नव्हे. मी बसमध्ये ‘स्थैर्य’ या विषयाला हात घातला, तर तिने विचारलं, “मामा, आरएनए म्हणजे काय, माहितीये तुला?” मी अर्थातच माहितीये म्हणालो. त्यावर तिने ते मला समजावून सांगितलं (माझं ‘माहितीये’ ती लहानपणापासून ओळखते). म्हणे, आपल्या प्रत्येक पेशीत एक मोठी पोथी असते. ती कपाटाबाहेर निघत नाही. रोजच्या कामापुरती तिच्यातल्या ओळींची चिठ्ठी उतरवतात, ती कामावर धाडतात आणि काम झालं की फाडून टाकतात. ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. म्हशीची कास सुजण्याच्या आधीच दुधातल्या पेशींमध्ये निराळ्या चिठ्ठ्या फिरू लागतात, असा तिचा कयास आहे. त्या वाचता आल्या तर सूज दिसण्याआधीच औषध देता येईल. हे सांगताना ती आमचा स्टॉप विसरली. आम्ही जंगलातून उलटे चालत आलो. स्थैर्याचा विषय बसमध्येच राहिला.

तबेल्यात कुंडलिक नावाचा दूध काढणारा गडी आहे. मला पाहून तो रेवतीला म्हणाला, “मॅडम, हे सर म्हशीला घाबरतात का म्हस सरांना, ते आधी ठरवा. मग मी बसतो धारेला.” मी अंतर राखून उभा राहिलो. तिथे मला एक गोष्ट मात्र अतिशय भावली, ती म्हणजे रेवतीचं सोवळं. हातमोज्यांशिवाय कशाला शिवायचं नाही. चुकून केसाला हात लागला की मोजे बदल. दुधाच्या नळीवर वाकून बोलायचंसुद्धा नाही. आपल्या घामात, थुंकीत असं काही असतं की चिठ्ठ्यांचा चुरा होतो. ताई, आपल्या आजीनंतर इतकं कडक सोवळं मी पाहिलं नव्हतं! मला वाटलं, हे शास्त्र मला कळलं.

हा गैरसमज दसऱ्यापर्यंत टिकला.

दसऱ्याला संस्था बंद, म्हणून आदल्या दिवशी रेवतीने थर्माकोलची एक पेटी घरी आणली होती. आत धुरकट बर्फ आणि त्यात चिमुकल्या नळ्या. चंद्री नावाच्या म्हशीची कास सुजली, त्याच्या आधीच्या दिवसांचं दूध त्यांत होतं. तिचं सगळं संशोधन या नळ्यांवर उभं होतं, कारण म्हस आपल्याला तारीख देऊन आजारी पडत नाही. सकाळी रेवती झोपली होती. मी पाटावर आयुधं मांडली: माझा शब्दकोश, अनुपमाचं शिवणयंत्र, रेवतीचा लॅपटॉप. मग मनात आलं, तिचं खरं आयुध तर पेटीत आहे. पूजेला रबरी मोजे चालत नाहीत, म्हणून मी आंघोळ करून, सोवळं नेसून, स्वच्छ उघड्या हातांनी एकेक नळी बाहेर काढली. नळ्या बोटांना चिकटत होत्या. (साक्षात्कार इतका गार असतो हे मला ठाऊक नव्हतं.) झाकणं उघडून प्रत्येकीत हळदीकुंकवाची चिमूट घातली, झेंडू वाहिला आणि देवीची सहस्र नावं म्हटली. सगळी. सावकाश. निम्मी नावं गाळली असती तर ताई, एक वेळ चाललं असतं, पण तू मला ओळखतेस.

रेवती उठून आली. पाटापाशी उभी राहिली. म्हणाली, “मामा, या कुठल्या देवी रे?” मी सांगितलं. ती हसली. अगदी खरं हसली, मला नमस्कार केला, आपट्याचं पान दिलं. मग न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ बसली. अनुपमा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

काल संध्याकाळी रेवतीने आपण होऊन सांगितलं, “आई म्हणते ते बरोबर आहे. मी घेते बंगळूर.” एका शब्दाचाही उपदेश न करता तुझं काम माझ्या हातून झालं. अभिनंदन स्वीकार. भावोजींना नमस्कार, आणि गुडघ्याला जप.

तुझा आज्ञाधारक,
विद्याधर

ता. क. रविवारी ती तुला फोन करून हे सांगणार आहे. ताई, ‘बरं झालं’ म्हणू नकोस. माझ्याकडून गेलेल्या नळ्या परत येणार नाहीत, पण आरेत म्हशी पुष्कळ आहेत आणि मार्चला अजून अवकाश आहे. तू तिला एवढंच विचार, “त्या चिठ्ठ्यांचं पुढे काय होतं गं?” आणि ती थांबली की “मग?” म्हण. समजलं नाही तरी चालेल. मलाही समजलेलं नाही. ती बोलू लागली की तिला स्टॉप दिसत नाहीत. पण आजवर आपल्या घरात तिला ‘मग?’ कोणी म्हटलेलं नाही, आपण सगळे ‘मग लग्न?’ किंवा ‘मग पगार?’ म्हणतो.

ता. क. २. “तुझ्या आईला म्हशींबद्दल फार उत्सुकता आहे, दर फोनला मला विचारते,” असं मी रेवतीला आज सकाळी सांगून टाकलं आहे.  आत्ता चपला घालताना तिने अनुपमाला विचारलं, “खरंच विचारते आई?” आणि अनुपमा माझ्याकडे न बघता म्हणाली, “हो गं, दर वेळी.” तेव्हा रविवारी आम्हां दोघांना खोटं पाडू नकोस.