तनयाची सही

२ जून १९९७, सोमवार

सुटले बाई एकदाची! पेणच्या कॉलेजच्या लायब्ररीत दोन वर्षं पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवल्या. हाताला खळीचा वास, तो जेवतानाही जाईना. आजपासून मी रोह्याला, विद्यापीठाच्या केंद्रातल्या संगणक विभागात विद्यार्थी-मदतनीस. पगार दुप्पट, वर खोलीला एसी! बाबा मिठागरावर जायचं सोडून कासू स्टेशनपर्यंत पोचवायला आले. आमची दिपिका कॉम्प्युटरवर बसणार, हे त्यांनी डब्यातल्या अनोळखी माणसांनाही सांगून टाकलं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर खूप बरंही वाटलं.

संगणकखोलीत चपला बाहेर काढून जायचं, देवळात जातात तसं. विभाग सांभाळणाऱ्या सुहासिनीबाई चांगल्या वाटल्या. एकच गोष्ट विचित्र. माझ्या नेमणुकीचा कागद वरून यायला म्हणे दिवाळी उजाडेल. तोवर आधीच्या मुलीच्या, तनयाच्या, नावावर काम करायचं. मस्टरवर तिची सही, संगणकातही तिचंच नाव टाकून शिरायचं. जागा रिकामी दिसली तर जागाच जाईल, असं बाई म्हणाल्या. मला काय, नाव कुणाचं का असेना. तनयाची सही मी पाच वेळा गिरवली. छान वळणदार आहे.

६ जून

काम शिकले. विद्यार्थ्यांचे परीक्षेचे फॉर्म मी टाइप करायचे, मग शेजारच्या संगणकावर हितेशने तेच फॉर्म पुन्हा टाइप करायचे. दोन्ही जुळले तर यंत्र गप्प, एका अक्षराचा फरक पडला तरी पीं करून ओरडतं. हितेश धाटावचा आहे. तोंडात सदा बडीशेप. मला ‘तनया मॅडम’ म्हणून चिडवतो. मीही खुशाल ओ देते.

१७ जून

आज बँकेत गंमत झाली. माझ्याच खात्यावर माझी सही जुळेना. कारकून म्हणाला, नीट करा. तीनदा केली, तिन्ही वेळा हात तनयाच्या वळणावर गेला. मी हसत सुटले. घरी आईला सांगितलं, ती काही हसली नाही. म्हणाली, दुसऱ्याचं नाव सारखं सारखं लिवू नये गो.

२३ जून

हितेशला विचारलं, तनया आता असते कुठे? तो चघळायचा थांबला. म्हणाला, ती मार्चमध्येच काविळीने गेली. घरच्यांनी कळवलंही होतं. पण बाईंनी नोंद केली नाही, जागा जाईल म्हणून. कागदोपत्री तनया अजून रोज कामावर येते.

म्हणजे रोज सकाळी मी तिला इथे आणते. तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं की परत ती खळ आणि त्या चिठ्ठ्या. मी सही केली. स्वतःचा राग आला आणि तरी केली.

२६ जून

हितेश रजेवर. दुपारी चाळीस फॉर्म टाइप करून पाणी प्यायला गेले. परत येते तो चाळीसच्या चाळीस दुसऱ्यांदा टाइप झालेले. सगळे जुळलेले. शिपाई पुंडलिक दारातच बसला होता, त्याने शपथेवर सांगितलं की आत कोन नाय गेला. मग माझ्या चपलांशेजारच्या तपकिरी सँडलकडे त्याने बोट केलं. तनयाताईच्या हायत, एवढंच म्हणाला.

३० जून

गठ्ठ्यात आज माझाच फॉर्म आला. शेवटच्या वर्षाचा. आमच्या घरात इथवर कुणी शिकलं नाही. निकालात माझं नाव शोधायचं म्हणून बाबांनी आताच चष्मा करून घेतलाय. जपून टाइप केला.

शेजारच्या संगणकाच्या कळा वाजू लागल्या. हितेश बाहेर होता. खुर्ची रिकामी. मग यंत्र ओरडलं. नाव जुळत नाही. पहिलं दिपिका, दुसरं तनया. खरं कोणतं? मी पहिलं म्हणून कळ दाबली. पीं. पुन्हा दाबली. पीं. पुन्हा—

१ जुलै

बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तनया, तुला बरं दिसत नाही, घरी जा. थट्टा नव्हती. हितेशही तनयाच म्हणाला, आज तोही थट्टा करत नव्हता. बाहेर चपलांचा एकच जोड. तपकिरी. पायात बरोबर बसला.

मला भीती वाटते.

२ जुलै

ठरलं. बाईंनी मार्चमध्ये करायचं ते मीच करणार. विद्यार्थ्यांच्या यादीत तनयाच्या नावापुढे ‘मयत’ लिहायचं. ती सुटेल, मी सुटेन.

एकही अक्षर चुकायला नको होतं. कळांकडे बघूनच टाइप केलं. शेजारच्या कळा वाजल्या. यंत्र गप्प. जुळलं! जुळलं!

मग पडद्याकडे पाहिलं.

दिपिका कमळाकर म्हात्रे. मयत. दोन्ही वेळा तेच. एकदा माझ्याच बोटांनी—

३ जुलै

काल घरी गेले. ओटीवर बायका. कोपऱ्यात सुतकाचा दिवा, दिव्याखाली पीठ. आई रडत होती. आई म्हणून हाक मारली. कुणीतरी म्हणालं, रोह्याची मैतरीन आली गो तिची. आईने मला जवळ घेतलं. परक्या पोरीला घेतात तसं. मला पाणी दिलं— माझ्या घरात मला—

४ जुलै

यादी उघडत नाही. ती नोंद पुसता येत नाही. हितेश म्हणतो, बिचारी दिपिका, महिनाभरच होती.

५ जुलै

बाबा आलेत. इथे, ऑफिसात. माझ्यासमोर बसलेत. मला म्हणाले, बाय, आमची दिपी रोज वहीत लिवायची, ती वही दे गो, घरी ठेवतो. मी म्हटलं, बाबा, मीच. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. डोळ्यांतून पाणी. म्हणाले, देव तुला सुखी ठेवो.

एकच ओळ लिहून देते, असं सांगितलंय. त्यांनी हात पुढे केलाय. ते माझं अक्षर ओळखतील. नक्की ओळखतील. पण हे अक्षर— हे माझं नाहीये, कधीपासून नाहीये— बाबा, पहिली पानं बघा, पहिल्या पानांवर मी आहे, बाबा, घरी नेऊन ठेवू नका, आत्ता वाचा, मी इथे तुमच्यासमो—